मालक कर्जात बुडतो तेव्हा: तंजावूरची गोष्ट



आजची सुरुवात फुटबॉलपासून करतो. इतिहासाच्या मालिकेत फुटबॉल कुठून आला, असं वाटेल, पण थोडा धीर धरा.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याचा ‘एफसी पुणे सिटी’ हा क्लब संपला. २०१४ पासून पाच हंगाम तो इंडियन सुपर लीगमध्ये खेळला होता. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये नारिंगी जर्सी घालून, ढोल घेऊन बसणारी पोरं होती. स्वतःला ती ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवून घ्यायची. मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि क्लबची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. पुढे त्या क्लबचेही पैशांचे हाल झाले, पुन्हा मालक बदलले आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला गेला. इंग्लंडमध्ये त्याच ऑगस्टमध्ये ‘बरी’ नावाचा १८८५ सालचा क्लब पैशांअभावी लीगमधून बाहेर काढला गेला. तिथले म्हातारेकोतारे मैदानाच्या फाटकाशी रडत उभे होते.

अशा वेळी चाहत्यांना पडणारे प्रश्न सगळीकडे सारखेच असतात. घेणारा कोण आहे? त्याला क्लब हवाय की क्लबखालची जमीन? नाव, रंग, मैदान राहणार का? आणि सगळ्यात टोचणारा प्रश्न म्हणजे, आपण इतकी वर्षं जीव लावला, त्याची या कागदपत्रांत कुठे नोंद आहे का?

मला या प्रश्नांचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात बोलकं मराठी उदाहरण तंजावूरला सापडतं. राज्य आणि क्लब एक नव्हे, हे मलाही कळतं. क्लब आवडला नाही तर माणूस घरी बसतो. रयतेला ती सोय नसते. (ती सोय रयतेने एकदा करून घेतली होती, ते पुढे येईलच.) पण पैशाची गोष्ट मात्र थक्क व्हावं इतकी सारखी आहे.

शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, १६७५-७६ च्या सुमारास तंजावूरच्या गादीवर आले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं हे राज्य क्षेत्रफळाने फार मोठं नव्हतं, पण भाताचं कोठार होतं. ज्याला दक्षिणेत फौज पोसायची असेल त्याचा डोळा तंजावूरवर असणारच. अठराव्या शतकाच्या मध्यावर तो डोळा अर्काटच्या नवाबाचा, मुहम्मद अलीचा होता.

नवाबाचं म्हणणं, तंजावूर आमचं मांडलिक. १७६२ मध्ये मद्रासच्या इंग्रजांनी मध्ये पडून तडजोड घडवली. प्रतापसिंह राजांनी थकबाकीपोटी २२ लाख रुपये हप्त्यांनी द्यायचे आणि शिवाय दरसाल चार लाख पेशकश. पुढच्याच वर्षी प्रतापसिंह वारले आणि हा बोजा तुळजाजीराजांच्या डोक्यावर आला. हप्ते तुंबत गेले. १७७१ मध्ये नवाब आणि कंपनीची फौज तंजावूरवर चालून आली, तेव्हा पैसे कबूल करून राजांनी वेळ मारून नेली. १७७३ च्या सप्टेंबरात मात्र किल्ला पडला. तुळजाजी कैदेत गेले आणि तंजावूर नवाबाचं झालं.

आता इथे नीट लक्ष द्या. नवाब स्वतः कंगाल होता. मद्रासमधल्या कंपनीच्या नोकरांकडून, खासगीत, जबर व्याजाने त्याने कर्जं काढलेली होती. ही कर्जं तो कशातून फेडणार होता? तंजावूरच्या महसुलातून. सावकारांना त्याने तंजावूरच्या वसुलीवरचे रोखे लिहून दिले. म्हणजे कर्ज नवाबाचं आणि ते फेडायचं तंजावूरच्या शेतकऱ्याने. मँचेस्टर युनायटेडचे चाहते हे ऐकून हसतील, कडवटपणे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने तो क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज चढवलं क्लबच्याच डोक्यावर. तिथल्या लोकांनी निषेध म्हणून हिरवे-पिवळे गमछे गळ्यात घातले. तंजावूरच्या कुणब्याला गमछा होता, पण त्याचा निषेध कोण बघणार?

या सावकारांतला सगळ्यात नामांकित म्हणजे पॉल बेनफिल्ड. कंपनीतला किरकोळ हुद्द्याचा नोकर, पण मद्रासमध्ये त्याच्या गाड्याघोड्यांची चर्चा असायची. लंडनच्या संचालकांनी हुकूम पाठवला की तंजावूर राजाला परत द्या. तो बजावायला लॉर्ड पिगट गव्हर्नर होऊन आला आणि एप्रिल १७७६ मध्ये त्याने तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवलं. लगेच बेनफिल्ड पुढे आला. म्हणाला, तंजावूरच्या महसुलावर आणि शेतात उभ्या पिकावर माझा सुमारे दोन लाख चौतीस हजार पौंडांचा दावा आहे. राजा परत आला म्हणून माझे पैसे बुडायचे का?

किरकोळ नोकराकडे एवढी रक्कम आली कुठून, हा प्रश्न कुणालाही पडावा. मद्रासच्या कौन्सिलने आधी दावा फेटाळला, मग बहुमत फिरलं. का फिरलं याचा अंदाज तुम्हीच करा, कौन्सिलातल्या आणि बाहेरच्या कितीतरी साहेबांचे पैसे नवाबाकडे अडकलेले होते. पिगट अडून बसला, तेव्हा २४ ऑगस्ट १७७६ रोजी त्याच्याच कौन्सिलवाल्यांनी त्याला अटक केली. खुद्द गव्हर्नरला! मे १७७७ मध्ये तो नजरकैदेतच मेला. एडमंड बर्कने १७८५ मध्ये पार्लमेंटात नवाबाच्या कर्जांवर जे गाजलेलं भाषण केलं, त्यात या बेनफिल्डची सालं काढलेली आहेत. भाषण गाजलं, कर्जं मात्र मान्यच राहिली.

राज्य परत मिळालं म्हणजे सुटका झाली, असंही नाही. तंजावूरच्या किल्ल्यात आता कंपनीची पलटण आली आणि तिच्या खर्चापोटी राजांनी दरसाल चार लाख पॅगोडा, म्हणजे साधारण १४ लाख रुपये द्यायचे ठरले. त्यावर १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने सगळा मुलूख उजाड केला.

आता ती रयत घरी बसल्याची गोष्ट. हैदरनंतरच्या वर्षांत वसुलीचा जाच इतका वाढला की शेतकरी गावं सोडून निघून गेले. पेरणीचा मोसम निघून चालला. राजांनी अभय दिलं, पण कोणी फिरकेना, कारण दरबारच्या शब्दावर कोणाचा विश्वासच उरला नव्हता. शेवटी श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्याला मध्ये घातलं. हा माणूस तंजावूरला अनेक वर्षं राहिलेला, तमिळ बोलणारा. त्याने निरोप धाडले आणि स्वतः जामीन राहिला. त्याने लिहून ठेवलंय की एका दिवसात सात हजार माणसं परतली. मला ही घटना त्या शतकातल्या सगळ्या तहांपेक्षा मोठी वाटते. तह करणाऱ्यांच्या हिशेबात जमीन होती, महसूल होता, फौज होती. पण नांगर धरणारा उठून गेला की त्या सगळ्याची किंमत शून्य, हे त्या एका मोसमात सगळ्यांना दिसलं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १७८७ मध्ये तुळजाजींनी मरणापूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं. कंपनीने पंडितांच्या मताचा हवाला देऊन दत्तक रद्द ठरवलं आणि अमरसिंहांना बसवलं. अकरा वर्षांनी पुन्हा पंडितांची मतं घेतली, ती उलटी निघाली आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. गादीची किंमत लगेच वसूल झाली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजांना राहिला किल्ला, सालिना एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा.

इथून माझ्या आवडीचा भाग सुरू होतो. राज्य गेलेल्या सरफोजींना काळजी कशाची लागली? छत्रांची. छत्र म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वराच्या वाटेवर तंजावूरच्या राजांनी आणि राण्यांनी अशी कितीतरी बांधली होती. कारभार गेला म्हणजे छत्रांना लावून दिलेल्या गावांचं उत्पन्नही जाणार, आणि नवा मालक हिशेबी. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिलं. त्यात छत्रात काय काय चालतं याची यादीच आहे. कुठल्याही जातीचा वाटसरू आला तरी जेवण. आजारी पडला तर वैद्य आणि पथ्याचं अन्न. बाळंतपण आलं तर त्याची सोय. वाटेत मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार. अनाथ पोरांचा सांभाळ, शिकवायला गुरुजी. हे बंद पडलं तर मला जगणं नकोसं होईल, अशा भाषेत ते लिहितात.

मागणी भावनेची असली तरी पत्र भाबडं नाही. काय चालतं, कोणासाठी चालतं, खर्च कुठून येतो, हे सगळं नव्या मालकापुढे कागदावर आलं. छत्रं राजांकडे राहिली. ओरतनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्याच काळातलं, सरफोजींच्या प्रिय मुक्तांबेच्या नावाचं. १८५५ नंतर छत्रांचा कारभार सरकारकडे आणि मग स्थानिक बोर्डांकडे गेला. तिरुवैयारूचं कॉलेज त्याच उत्पन्नातून उभं राहिलं. आजही तंजावूर जिल्ह्याच्या कारभारात राजांच्या छत्रांचं वेगळं खातं आहे.

ज्याचं असं काही लिहून ठेवलेलं नव्हतं त्याचं काय झालं, तेही बघा. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले. मागे राण्या आणि दोन मुली, मुलगा नाही. सातारा १८४८ मध्ये गेलं होतं, नागपूर आणि झाशी १८५४ मध्ये. रेसिडेंट फोर्ब्सने मुलीला वारस माना अशी शिफारस केली, ती वर मानली गेली नाही. ऑक्टोबर १८५६ मध्ये हाच फोर्ब्स शिपाई घेऊन राजवाड्यात आला, खोल्यांना सीलं ठोकली, पहारे बसवले. राज्य तर १७९९ लाच गेलेलं. आता दागिने, हत्यारं, खासगी जमिनी, सगळंच जप्त.

थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कंपनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेली. जुलै १८५९ चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. कंपनीचा कायदेशीर हक्क या कागदांतून सापडणं अत्यंत कठीण आहे, असं न्यायाधीशांनीच म्हटलं. पण ही जप्ती सत्तेने सत्ता म्हणून केली आहे, तिची तपासणी कोर्ट करू शकत नाही, असं सांगून राणींचा दावा काढून टाकला. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, ती मेहेरबानी म्हणून. शस्त्रागार १८६३ च्या सुमारास मोडलं. त्यातली काही हत्यारं मद्रासच्या संग्रहालयात बघायला मिळतात.

दरबारातली माणसं कुठे गेली? क्लब बुडाला की खेळाडू दुसरीकडे जातात, तशीच पांगली. नट्टुवनार बंधूंपैकी वडिवेलू तर आधीच त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांकडे गेला होता. कुंभकोणमचे टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. तंजावूरच्या मराठी घराण्यांना कारकुनी आणि कारभार चांगला येत होता, त्यावर त्यांनी दिवस काढले.

राहिलं सरस्वती महाल ग्रंथालय. सरफोजींनी जन्मभर जमवलेलं, काशीयात्रेतूनही पोथ्या आणून भरलेलं. तंजावूरला जज्ज असलेल्या बर्नेलने तिथल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली, ती १८८० मध्ये छापून झाली. ही यादी झाली म्हणून जगाला कळलं की इथे काय आहे. यादी झालेली वस्तू गुपचूप नाहीशी करणं अवघड असतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये राजघराण्याच्या वारसांच्या संमतीने ते सार्वजनिक ग्रंथालय झालं. मग आणखी एक गोष्ट घडली, जी मला फार सुंदर वाटते. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांच्या घरांतल्या पोथ्याही तिथे येऊन पडल्या. राजवाड्याच्या दौलतीवर या घरांचा कसलाच हक्क नव्हता. पण ग्रंथालय ‘आपलं’ झाल्यावर त्यांनी आपलं देऊन टाकलं. आज तिथे तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं आहेत, शिवाय मोडीतल्या कागदांचे गठ्ठे. महाराष्ट्रातून बृहदीश्वर बघायला जाणाऱ्या बसगाड्या राजवाड्यावरून पुढे निघून जातात. पुढच्या वेळी तिथे उतरा.

आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरही सरफोजींनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरवून ठेवलाय, १८०३ मध्ये, म्हणजे कारभार हातातून गेल्यावर चार वर्षांनी. पुढच्या भागात तो शिलालेख वाचू.