स्वॅब घेणाऱ्या हाताची पारख

नाकातोंडातून स्वॅब घेणे हे वैद्यकातले किरकोळ काम मानले गेले. ते कोणालाही जमते असे धरून चालल्यामुळे कोणाला कितपत जमते, हे मोजण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. या तंत्राची कुळकथा पाहताना हेच पुन्हा पुन्हा नजरेस येते. काडी सुधारली, नळी सुधारली, नमुना टिकवणारे द्रावण आले, जंतू ओळखण्याच्या पद्धती दर पिढीला बदलल्या आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीची कसून परीक्षा झाली. काडी धरणाऱ्या हाताची परीक्षा मात्र मागे राहिली. ती घेण्याचे साधन २०२० पर्यंत प्रयोगशाळांच्या यंत्रांत आलेले होते. ते त्या कामासाठी वापरायला हवे होते आणि आजही हवे आहे, असे माझे म्हणणे आहे.

या तंत्राचे कूळ घटसर्पाशी जाऊन भिडते. फ्रीडरिश लोफ्लर यांनी १८८४ मध्ये घटसर्पाचा जिवाणू वेगळा करून वाढवला आणि त्याच कामात एका निरोगी मुलाच्या घशातही तो त्यांना सापडला. नुसता घसा पाहून केलेले निदान पुरेसे नाही, हे त्यातून उघड झाले. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यात हर्मन बिग्ज यांनी १८९२ मध्ये जिवाणुशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि पुढच्या वर्षी विल्यम पार्क तेथे घटसर्पाच्या कामाला लागले. त्यांनी घालून दिलेली व्यवस्था आजच्या साऱ्या नमुना-संकलनाची आई आहे. एका लहान लाकडी पेटीत दोन काचनळ्या असत. एकीत सीरमचे घट्ट केलेले माध्यम, दुसरीत टोकाला कापूस गुंडाळलेली पोलादी तार. या पेट्या शहरातल्या औषधांच्या दुकानांत ठेवलेल्या असत. डॉक्टरने पेटी न्यायची, रोग्याचा घसा पुसायचा, तोच कापूस माध्यमावर फिरवायचा आणि पेटी दुकानात परत आणून द्यायची. खात्याचा माणूस ती उचलून नेई आणि दुसऱ्या दिवशी निकाल मिळे. पेटीसोबत छापील सूचनाही असत. दिसणाऱ्या पापुद्र्यावर कापूस हलका पण ठाम घासावा, आधी जंतुनाशक लावलेले नसावे, तार मध्येच खाली ठेवू नये, असे त्यांत बजावलेले असे.

या सूचनांमागे एक गृहीतक होते. ज्याने वाचले, त्याला आले. ते त्या काळी बरेचसे खपूनही गेले, कारण घटसर्पाचा करडा पापुद्रा डोळ्यांना दिसतो आणि जेथे कापूस लावायचा ती जागा रोगच दाखवून देतो. नमुना अगदीच वाया गेला तर माध्यमावर काहीच उगवत नसे, आणि मग दुसरा मागवता येई. पण माध्यमावर घशातले इतर जिवाणू उगवले आणि घटसर्पाचा मात्र दिसला नाही, तर त्याचे अर्थ दोन निघत. रोग नाही, किंवा कापूस योग्य जागी पोहोचलाच नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येक स्वॅब-चाचणीने ही संदिग्धता वारशाने घेतली. भारतात तर हा प्रश्न जुना झालेलाही नाही. २०१८ या एका वर्षात आपल्याकडे घटसर्पाच्या आठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आहे.

जंतूची जागा नजरेआड गेली तेव्हा हाताचे महत्त्व एकदम वाढले. मेंदूज्वर घडवणारा मेनिंगोकॉकस निरोगी माणसाच्या पडजिभेच्या मागे, नाकाच्या मागच्या भागात लपून राहतो. पहिल्या महायुद्धात लष्करी छावण्यांतून असे वाहक शोधताना वेस्ट यांच्या नावाने ओळखली जाणारी वाकडी काचनळी वापरात आली. तिच्या आत तार आणि तारेला कापूस. नळी तोंडातून टाळूमागे न्यायची आणि मगच कापूस बाहेर सरकवायचा, म्हणजे वाटेत जिभेची लाळ लागत नाही. डांग्या खोकल्याची गोष्टही अशीच. १९१६ मध्ये डेन्मार्कमध्ये निघालेल्या पद्धतीत मूल खोकत असताना त्याच्या तोंडासमोर माध्यमाची बशी धरत. तिच्यात कौशल्य थोडे आणि नशीब जास्त होते. ब्रॅडफर्ड आणि स्लाव्हिन यांनी १९४० मध्ये नाकातून मागे नेलेल्या स्वॅबवरून संवर्धन करण्याची पद्धत मांडली, तेव्हा बारीक, लवचीक तार नाकाच्या तळावरून सरळ मागे न्यायची कसरत आली. यातली शिकण्याची गोष्ट ही की अवघड जागेला उत्तर म्हणून दर वेळी नवे साधन घडवले गेले, पण ते साधन कोणाच्या हातात कसे चालते, याची मोजणी झाली नाही.

साधनाची मोजणी किती बारकाईने होऊ शकते, याचा उत्तम दाखला इटलीतल्या ब्रेशिया येथे विकसित झालेल्या स्वॅबचा आहे. गुंडाळलेल्या कापसाऐवजी नायलॉनचे आखूड तंतू काडीच्या टोकावर ब्रशाच्या केसांसारखे उभे बसवले. जुन्या बोंडात नमुना आत शोषला जाऊन अडकत असे. उभ्या तंतूंवरून तो द्रावणात सहज सुटतो. हे खरे की जाहिरात, हे तपासायला कॅनडातील संशोधकांनी २००६ मध्ये दोन्ही प्रकारच्या काड्यांनी नाकातून नमुने घेतले आणि प्रत्येकीवर माणसाच्या किती पेशी आल्या ते मोजले. नव्या काडीने अधिक पेशी आणल्या. चांगला स्वॅब म्हणजे भरपूर पेशी आणणारा स्वॅब, हा मापदंड त्या मोजणीत स्वच्छ मांडलेला आहे. हात तोच ठेवून काड्या बदलल्या तर काडीची परीक्षा होते. काडी तीच ठेवून हात बदलले असते तर हाताची झाली असती. हे दुसरे पाऊल अगदी जवळ होते.

कोविडच्या पीसीआर चाचणीने ते आणखी जवळ आणले. अनेक चाचण्यांत विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचे आरनेझ-पी हे जनुकही शोधले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सुरुवातीच्या पद्धतीतही ते होते. ते सापडले की काडीवर माणसाच्या पेशी आल्याचे कळते, आणि ते किती चक्रांनंतर उमटले यावरून किती आल्या याचा अदमास लागतो. पण अमेरिकेच्या सीडीसीच्या चाचणीत ४० चक्रांच्या आत उमटले की नमुना ग्राह्य, एवढाच निकष होता. चक्रागणिक जनुकाच्या प्रती साधारण दुप्पट होतात. त्यामुळे २४व्या चक्राला उमटलेला नमुना आणि ३४व्या चक्राला उमटलेला नमुना यांत सुमारे हजार पटींचा फरक असतो, आणि दोघांवर शिक्का एकच पडतो. हा फरक नगण्य नाही. ब्रिटिश कोलंबियातील संशोधकांनी २०२० मध्ये ज्यांचा निगेटिव्ह निकाल खोटा असल्याचा संशय होता अशा नमुन्यांतला मानवी डीएनए मोजला, तेव्हा तो चाचणीसाठी आलेल्या प्रातिनिधिक नमुन्यांपेक्षा कमी निघाला. विषाणू शरीरात असूनही काडीवर आला नसावा, याकडे हा फरक बोट दाखवतो. ज्या हातांनी तो आणला नाही, त्या हातांपर्यंत ही माहिती परत पोहोचण्याची वाट मात्र कोणी बांधली नव्हती.

प्रशिक्षण झालेच नाही, असे नाही. वैद्यकीय शिक्षणात कौशल्य पारखण्याची चांगली परंपरा आहे. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये एकामागून एक ठेवलेल्या ठाण्यांवर ठरावीक यादी हातात घेऊन विद्यार्थ्याचे काम पाहण्याची परीक्षा मांडली आणि ती जगभर रुजली. भारतात १८ जून २०२१ रोजी कोविडच्या आघाडीवरील कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारने अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले. त्यांतल्या सहा कामांपैकी एक नमुना-संकलनाचे होते. दोन लाटा ओसरल्यावर का होईना, हे काम शिकवावे लागते आणि शिकवून पारखावे लागते, याची ती सरकारी कबुली होती आणि तिचे मोल मी कमी करत नाही. तरी यादीवरून घेतलेल्या परीक्षेला मर्यादा आहेत. काडी वरच्या दिशेने न घुसवता टाळूला समांतर नेली का, अडथळा लागेपर्यंत किंवा नाकपुडी ते कान एवढ्या अंतरापर्यंत नेली का, तेथे काही सेकंद ठेवून फिरवली का, घशात मागच्या भिंतीला लावताना जीभ टाळली का, हे सारे पुतळ्यावर बघता येते. पुतळ्याला ठसका लागत नाही, तो मान मागे ओढत नाही, त्याच्या नाकाचा पडदा वाकडा नसतो. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये हाच भेद मांडला होता. करून दाखवता येणे वेगळे आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे वेगळे. रोजच्या कामाचा पुरावा नळीत बंद होऊन प्रयोगशाळेत पोहोचलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की एवढ्या कौशल्याची गरजच उरलेली नाही. वॉशिंग्टन राज्यात २०२० मध्ये ५३० रुग्णांनी स्वतःच जीभ आणि नाकाचा पुढचा व मधला भाग यांतून नमुने घेतले. आरोग्य कर्मचाऱ्याने खोलवरून घेतलेल्या नमुन्याशी ताडता जिभेच्या नमुन्याने सुमारे ९० टक्के, तर नाकाच्या नमुन्यांनी ९४ ते ९६ टक्के रुग्ण पकडले. पुढच्या वर्षी मे महिन्यात पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती चाचणीला आयसीएमआरची मान्यताही मिळाली. हा पुरावा भक्कम आहे, आणि जेथे उथळ नमुना पुरतो तेथे खोल काडी घालण्याचा हट्ट धरू नये. पण तो अभ्यास बाह्यरुग्ण म्हणून आलेल्या, लक्षणे असलेल्या रुग्णांचा होता, आणि तुलनेचा मानदंड कर्मचाऱ्याने घेतलेला खोल नमुनाच होता. डांग्या खोकल्याचा जिवाणू नाकाच्या मागच्या भागातच शोधावा लागतो. सहा महिन्यांचे बाळ तर स्वतःचा स्वॅब घेणार नाही.

दुसरा आक्षेप इजेचा आहे, आणि तो उलट बाजूनेही वापरला जातो. इजा क्वचित होते, मग एवढी पारख कशाला? हेलसिंकीत सुमारे साडेसहा लाख चाचण्यांमागे तातडीचे उपचार लागलेल्या गुंतागुंती आठ आढळल्या. नाकातून रक्तस्राव किंवा आत मोडलेली काडी, अशा. हे आकडे दिलासा देणारे आहेत. पण इजा न करणारा हात नमुना आणणारा असतोच असे नाही. नाकपुडीच्या दारातून परतलेली काडी कोणालाच दुखवत नाही. तिचे नुकसान घरी जाऊन म्हाताऱ्या आईवडिलांजवळ बसलेल्या, निगेटिव्ह निकाल खिशात असलेल्या माणसाच्या रूपाने होते, आणि ते कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आरनेझ-पी पेशी आल्याचे सांगते, कुठून आल्या ते सांगत नाही. गालाच्या आतून घासलेली काडीही भरपूर पेशी आणेल. शिवाय हा आकडा किटगणिक आणि आरएनए वेगळे करण्याच्या पद्धतीगणिक बदलतो. काही किटमध्ये तर मानवी जनुकाऐवजी एमएस-टू या जिवाणुभक्षकाचा बाहेरून घातलेला आरएनए तपासला जातो. तो प्रयोगशाळेतले काम नीट झाले का हे सांगतो, स्वॅबबद्दल काहीही नाही. म्हणून हा आकडा एकटा परीक्षक होऊ शकत नाही. एकाच प्रयोगशाळेत, एकाच किटवर, एकेका केंद्राच्या शेकडो नमुन्यांची सरासरी काढली तर कोठे जाऊन पाहायला हवे, एवढे तो नक्की दाखवेल. पाहण्याचे काम अनुभवी डोळ्यांनीच, यादी हातात घेऊन, खऱ्या रुग्णासमोर करायचे.

राहिला कर्मचाऱ्यांच्या भीतीचा प्रश्न, आणि ती भीती रास्त आहे. मे महिन्याच्या उकाड्यात पीपीई किट घालून, धुके धरलेल्या चष्म्यातून, रांग संपेपर्यंत काड्या घालणाऱ्या कंत्राटी तंत्रज्ञाला आकडा दाखवून जाब विचारणे अन्याय होईल. पण दुपारच्या पाळीतल्या नमुन्यांत पेशी कमी येतात असे दिसले, तर तो आकडा त्या तंत्रज्ञाच्या विरुद्ध नाही, त्याच्या बाजूने साक्ष देतो. पाळी लहान करा, सावली द्या, दर ताशी नमुन्यांची मर्यादा ठरवा, ही मागणी पुराव्यानिशी करता येते. त्यासाठी नळीवर रुग्णाच्या क्रमांकाशेजारी नमुना घेणाऱ्याचा संकेतांक आणि वेळ लिहिली जावी, आणि महिन्याकाठी केंद्राचा आकडा वरिष्ठांच्या आधी नमुने घेणाऱ्यांच्याच हाती पडावा.