फाशांची कुळकथा

वऱ्हाडच्या माळरानावर तित्तर-लाव्यांसाठी मांडलेले फासे ज्याने जवळून न्याहाळले असतील, त्याच्या हे तत्काळ ध्यानात येते की, दोरी, खुंटी आणि सरकती गाठ एवढाच ज्याचा ऐवज, त्या साधनाचे सारे सामर्थ्य ते कोठे मांडावे या निर्णयात साठलेले असते. पाखरू कोणत्या धुऱ्याने चरत येते, पहाटे कोणत्या गवतातून निघते, त्याला साद कशी घालावी, हे फासेपारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निरीक्षणाने कमावले आणि मुखोद्गत राखले. माझ्या मते हे संशोधनच होय.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसास आरोपी ठरविण्याची जी रीत सरकारदप्तरी रूढ केली, तिच्या कक्षेत पारधीही ओढले गेले. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या चतुःखंडात्मक ग्रंथात पारध्यांच्या शिकारपद्धतीचे वर्णन आले खरे, परंतु ज्याच्या तोंडून ही विद्या निघाली तो पारधी तेथे विषय म्हणून उरला, लेखक म्हणून नव्हे. १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा गेला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र फासा मांडणे हाच गुन्हा ठरला.

अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर या विद्येला आता निराळे वळण मिळाले आहे. कारंज्याच्या ‘संवेदना’ संस्थेच्या कार्यात फासेपारधी दुर्मीळ तणमोराचा शोध घेतात आणि त्याच्या अधिवासाची राखण करतात. पावसाळ्यात तणमोराचा नर गवताच्या वर पुनःपुन्हा उसळी घेतो, तेवढ्यापुरता तो कोणासही दिसतो. मादी उसळी घेत नाही, म्हणून गणनेत तिचा ठाव लागणे महाकठीण. अशा वेळी गवताच्या किंचित हालचालीवरून अनुमान बांधणाऱ्या पारध्याच्या नजरेचे मोल कळते. त्या पाखराचे येथील भवितव्य ज्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ, जमिनींवर अवलंबून, त्यांच्या वाटपाचा विचार करताना त्याच पारध्यांचे मत महसूल खात्याने घ्यावयास नको काय?

अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे स्वतः फासेपारधी असलेल्या मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये आपल्या समाजाच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा काढली. अशा शाळांतून अक्षरओळख झालेली मुले उद्या घरच्या वडीलधाऱ्यांची पक्षिविद्या लिहून काढतील, तेव्हा त्या लेखनावर माहितगार म्हणून नव्हे, तर कर्ते म्हणून त्यांची नावे पडावीत, अशी तजवीज विद्यापीठांनी आणि वनखात्याने आजच करून ठेवावी.