गांजाचे शेत, नर झाडे आणि एक सरकारी अहवाल

पालघरहून शिरगाव-सातपाटीकडे निघाले की ताडाची झाडे दिसू लागतात. ताडगोळे सगळ्याच ताडांना लागत नाहीत, ही गोष्ट इथल्या मुलांना पाठ्यपुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. नर ताडाला बोटांसारखे लांब तुरे येतात, मादी ताडाला फळांचे घड. शिंदीचेही तसेच, आणि या किनाऱ्यावर क्वचित आढळणाऱ्या, फांद्या फुटणाऱ्या रावणताडाचेही तसेच. अशा वनस्पतींना आपण विभक्तलिंगी म्हणतो. हा धडा शिकवायला ताडाइतके चांगले उदाहरण नाही. पण या धड्याचा इतिहास ज्या झाडापाशी सर्वांत रंजक होतो, त्याचे नाव वर्गात घ्यायला आपण थोडे बिचकतो. ते झाड म्हणजे भांग, अर्थात 'कॅनाबिस सटायव्हा'.

ताड आणि भांग यांची गाठ वनस्पतिशास्त्राप्रमाणे महसूल खात्यानेही घातली होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू, ताडी आणि मादक पदार्थ असे सारे एकाच छपराखाली आणले. ताडी नर ताडाचीही काढता येते आणि मादीचीही, त्यामुळे सरकारला झाडे मोजली की पुरत असे. गांजाचे तसे नव्हते. तिथे नर झाड आणि मादी झाड यांतला फरक हाच मालाच्या किमतीचा पाया होता, आणि त्यामुळे तो फरक समजून घेणे सरकारलाही भाग पडले.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. एकाच झाडाचे तीन पदार्थ होतात: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि नुसत्या राळेचा चरस. इंग्रजांनी या झाडाला 'हेम्प' म्हटले. पण जहाजांच्या दोरांसाठी धाग्याची गरज भासू लागल्यावर हाच शब्द त्यांनी आपल्याकडच्या इतर दोन झाडांनाही लावला. अंबाडी झाली 'डेक्कन हेम्प' आणि ताग झाला 'सन हेम्प'. अंबाडी जास्वंदीच्या कुळातली, ताग शेंगांच्या कुळातला. भांगेशी दोघांचे काही नाते नाही. अंबाडीची पाने मात्र भांगेच्या पानांसारखी बोटे फुटलेली असतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही 'कॅनाबिनस' हा शब्द बसला. जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये 'हेम्प' दिसले की ते नेमके कोणते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. दख्खनभर गांजा पिकत होता असे म्हणणाऱ्या काही लेखांमागे बिचारी अंबाडीची भाजी असते, अशी आमची शंका आहे.

खरा गांजा मुंबई इलाख्यात पिकत होता तो मुख्यतः दख्खनच्या कोरड्या जिल्ह्यांत, त्यातही अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात. कोकणच्या ओल्या किनारपट्टीचे ते पीक नव्हते. मध्य प्रांतात निमाड जिल्ह्यातील खांडवा हे केंद्र होते. सर्वांत नावाजलेला माल मात्र बंगालचा, राजशाही भागातल्या नौगावचा. या पिकाची शास्त्रीय नोंद जिथे सर्वांत बारकाईने झाली तेही नौगावच, म्हणून आपल्यालाही तिथे जावे लागेल.

नौगावात भांगेची रोपे पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या सुमारास, शेतात लावत. धाग्यासाठी भांग पेरतात तेव्हा ती दाट पेरतात. मग प्रत्येक रोप उजेडासाठी सरळ वर धावते आणि काठीसारखे उंच, बिनफांद्यांचे होते. गांजासाठी उलट. झाडांना ऐसपैस जागा मिळाली की ती झुडपासारखी पसरतात, फांद्यांना फांद्या फुटतात आणि फुलोऱ्याचे शेंडे वाढतात. तोच वंश, तेच बी, पण अंतर बदलले की झाडाचा आकार बदलतो. ज्वारीचा कडबा आणि ज्वारीचे कणीस यांतला हिशेब आपल्या शेतकऱ्याला जसा कळतो, तसाच हा हिशेब.

नोव्हेंबरात मात्र शेतात एक वेगळाच माणूस येई. त्याला 'पोद्दार' किंवा 'पारखदार' म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नाव 'गांजा डॉक्टर' ठेवले. हा शेताचा मालक नव्हे, मजूरही नव्हे. ओळीओळीने फिरत तो फुले उमलण्याआधीच नर झाडे ओळखायचा आणि ती उपटून टाकली जायची. एकही नर राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा फेऱ्या व्हायच्या. पोद्दाराची नजर चुकली तर परागकण वाऱ्यावर पसरत, माद्यांना बी धरे आणि मालाची किंमत कोसळे. वाऱ्याला बांध कळत नाही, त्यामुळे एकाच्या हलगर्जीची झळ शेजाऱ्याच्याही शेताला बसायची. हेमचंद्र कर यांनी १८७७ मध्ये या शेतीवर सरकारसाठी तपशीलवार अहवाल लिहिला, आणि १८९३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी नौगावला जाऊन दुसरा. हे दोन्ही अहवाल वाचताना पोद्दाराची करामत ठळकपणे दिसते. त्याचे नाव मात्र दिसत नाही.

आता याच्या शेजारी युरोपातले दोन प्रयोग ठेवून पाहूया.

जर्मनीतील ट्युबिंगेन येथे रुडॉल्फ कॅमेरारियस यांनी १६९४ मध्ये वनस्पतींच्या लिंगाविषयी एक प्रदीर्घ पत्र प्रसिद्ध केले. तुती, एरंड, मका अशा झाडांवर प्रयोग करून, परागाशिवाय सकस बी धरत नाही, असे त्यांनी दाखवले. भांगेने मात्र त्यांना फसवले. मादी झाडे वेगळी करून ठेवली तरी त्यांना बिया आल्याच! कॅमेरारियस यांचा चांगलाच हिरमोड झाला, आणि तो त्यांनी लपवला नाही. आज आपल्याला कारण माहीत आहे. या झाडाचे परागकण वाऱ्याने दूरवर जातात आणि मादी झाडावरही अधूनमधून एखादे नर फूल उमलते. पोद्दाराला पुन्हा पुन्हा फेऱ्या का माराव्या लागत, याचेही हेच उत्तर.

दुसरा प्रयोग खुद्द लिनियस यांचा. हा त्यांनी १७६० च्या आपल्या निबंधात सांगितला आहे. एप्रिल महिन्यात त्यांनी भांगेचे बी दोन कुंड्यांत पेरले. प्रत्येकीत तीस-चाळीस रोपे आली. कुंड्या एकमेकींपासून दूरच्या खोल्यांत, खिडकीशी ठेवल्या. एका कुंडीत नर-मादी एकत्र राहू दिले. तिथे बी धरले आणि किंजल्के लगेच सुकून गेली. दुसऱ्या कुंडीतले नर ओळखू येताच काढून टाकले. तिथल्या माद्यांची किंजल्के लांब वाढत राहिली, ताजी राहिली आणि फुलोरा कितीतरी दिवस तसाच टिकला.

नौगावच्या शेतात आणि लिनियस यांच्या खिडकीत कृती एकच होती. फरक कशात होता? लिनियस यांच्याकडे नियंत्रणाची कुंडी होती आणि प्रश्न होता: बी धरायला पराग हवा का? पोद्दाराचा प्रश्न होता: शेंडे राळेने भरतील का? 'आपल्या शेतकऱ्यांना सगळे आधीच ठाऊक होते' असे म्हणून छाती फुगवणे आम्हाला पटत नाही; पराग बीजकापर्यंत पोचून काय करतो, हे पोद्दाराला सांगता आले नसते आणि त्याची त्याला गरजही नव्हती. पण ही नुसती रूढी होती असे म्हणणेही चूक आहे. फुलण्यापूर्वी नर झाड हेरणे हे कौशल्य युरोपातल्या शेतकऱ्यांच्या भाषेतही धड उतरले नव्हते. इंग्लंडात बी देणाऱ्या धिप्पाड मादी झाडाला 'कार्ल', म्हणजे गडी, म्हणत; आणि नाजूक नर झाडाला 'फिंबल', म्हणजे मूळ लॅटिन अर्थाने 'बाई'!

नौगावची ही शेती लंडनपर्यंत पोचली ती मद्यपानविरोधी चळवळीमुळे. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य विल्यम केन यांनी बंगालमधील गांजाच्या व्यापाराबद्दल प्रश्न विचारला. चौकशी बंगालपुरती व्हायची होती, ती साऱ्या हिंदुस्थानची झाली. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचे काम ऑगस्ट १८९३ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सिमल्यात संपले. सदस्यांत मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमनी होते आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते. एकंदर १,१९३ साक्षी झाल्या.

या आयोगाचे एक काम विज्ञानाच्या शिक्षकांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. वेड्यांच्या इस्पितळांच्या तक्त्यांत 'कारण: गांजा' असे सर्रास लिहिलेले असे. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे हे कारण होते. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा उघडले. अनेक ठिकाणी ते कारण कोणत्याही चौकशीवाचून भरलेले निघाले. छाननीनंतर उरले ९८, आणि त्यांतही अनेकांच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती. माफक सेवनाने बहुधा लक्षणीय अपाय होत नाही, अतिरेक घातक आहे, आणि संपूर्ण बंदीपेक्षा परवाने, कर व लागवडीवर मर्यादा हा मार्ग बरा, असा आयोगाने निष्कर्ष काढला. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, हेही विसरू नये. आणि ज्या सरकारने आयोग नेमला त्याच सरकारला गांजाचे उत्पन्न मिळत होते, हेही.

'माफक सेवन निरुपद्रवी' हे वाक्य आज कोणी १८९४ च्या अहवालातून उचलून विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर त्यात मोठी गफलत होईल. कारण त्या वेळी राळेत काय आहे हेच माहीत नव्हते. मुख्य मादक रेणू, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो तयार होतो मादी फुलाभोवतीच्या छोट्या पानांवरच्या राळ स्रवणाऱ्या सूक्ष्म केसांत. बी धरले की झाडाची शक्ती बियांकडे वळते; न धरल्यास फुलोरा वाढत राहतो आणि हे केसही वाढत राहतात. फुलोरा येण्याची वेळ ठरवते दिनमान. दिवस लहान होऊ लागले की भांग फुलते. पॅरिसमध्ये जुलियन टूर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास हे भांगेवर आणि हॉप्सवर पाहिले होते. दिनमान आणि फुलणे यांचा संबंध दाखवणारे गार्नर आणि अलार्ड यांचे प्रसिद्ध संशोधन १९२० चे, म्हणजे त्यानंतरचे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत बिनबियांच्या गांजाचा नवा प्रकार म्हणून गाजावाजा झाला. त्याचे स्पॅनिश नाव 'सिन्सेमिया', अर्थ 'बीविरहित'. नवे त्यात नावच होते. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील मादक द्रव्याचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के झाले. त्यामागचे एक मोठे कारण हेच, की नर झाडांना शेतातून हद्दपार करण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. त्याला निवडक वाणांची जोड मिळाली. किशोरवयात अशा तीव्र मालाचे वारंवार सेवन करणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढतो, असे आजचे अभ्यास दाखवतात. आयोगासमोर असा माल आणि असे अभ्यास नव्हते.

नौगावात १९१७ मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. फाळणीनंतर नौगाव पूर्व पाकिस्तानात आणि पुढे बांगलादेशात गेले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथली सरकारमान्य लागवड बंद झाली. आपल्याकडे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला. परवान्याशिवाय या झाडाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या वनजमिनींवर, कापूस आणि तुरीच्या आडोशाला लावलेला गांजा पोलीस उपटून जाळतात, अशा बातम्या अधूनमधून येत राहतात. पकडला जातो तो बहुधा शेत कसणारा. माल विकत घेणारा क्वचितच.

या कायद्यात गांजाची व्याख्या कशी केली आहे, हे शिक्षकांनी एकदा पाहावे. गांजा म्हणजे झाडाचे फुले किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पाने त्यातून वगळलेली. संसदेने ही व्याख्या १९८५ मध्ये लिहिली. पण बियांना आणि पानांना एका बाजूला काढून शेंडा तेवढा वेगळा धरण्याची ही रीत त्याआधी शंभरावर वर्षे नौगावच्या शेतात चालू होती.