बाळगोळी : गिरणीतल्या आया आणि शांत झोपलेली लेकरं

मंडळी, घरी नात आली आहे. एकवीस दिवसांची. रात्री झोपेत कण्हते, तोंड वाकडं करते, हात फेकून दचकते. माझी लेक रात्र-रात्र पाळण्याशी बसून. परवा शेजारच्या आजी बघायला आल्या. म्हणाल्या, "काहून घाबरता बाई? लेकरं झोपेत अशीच करतात. माझी सासू गिरणीत जायची, ते तर मोहरीएवढी अफू चाटवून जायची. दिवसभर हूं नाही की चूं नाही."

आजी सहज बोलून गेल्या, पण यामागे मोठा इतिहास आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आज तिथं मॉल उभा आहे. गिरणी आली तशी शहरात बायकांना रोजी मिळाली आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. शेतात आई झाडाला झोळी बांधायची, लेकरू रडलं की पाजायची. भोंग्यावर चालणाऱ्या गिरणीत ते कसं जमणार? १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात बायकांच्या तासांवर बंधनच नव्हतं. १८९१ च्या कायद्यानं मर्यादा घातली, तीसुद्धा दिवसाला ११ तासांची! तान्हं बाळ तर दर दोन-तीन तासांनी दूध मागतं.

यावर देशभरातल्या गिरणगावांत एकच स्वस्त उपाय होता, अफूची बारीक गोळी. मुंबईत तिला 'बाळगोळी' म्हणत. (आपल्या घरची उगाळून द्यायची बाळगुटी वेगळी, घोळ नको.) १९२२ साली मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये डॉ. बार्न्स या बाईंचा अहवाल आला. गिरणी कामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी लिहिलं. विलायतेत तरी वेगळं काय होतं? तिथल्या गिरण्यांच्या शहरांतही अफू घातलेली 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाची बाटली घरोघरी असायची.

अफूनं बाळ झोपायचं, पण त्याची भूकही मरायची. दूध कमी, पोट गच्च, अंग सुकत जाणार. मात्रा थोडी जास्त झाली तर श्वास मंदावून बाळ झोपेतच जायचं. आईला वाटायचं, आज छान झोपलं.

त्या काळच्या बऱ्याच साहेबांनी आणि सुशिक्षितांनी याला 'अडाणी आयांची वाईट खोड' ठरवलं. मला ते पटत नाही. सकाळी भोंगा वाजला की निघायचं, न गेलं तर रोजी बुडायची, घरी सांभाळायला कोणी नाही. त्या बाईनं करावं काय?

म्हणून उपदेशापेक्षा दोन गोष्टी मोठ्या ठरल्या : पगारी सुट्टी आणि पाळणाघर. एम्प्रेस मिलमध्ये १९२० च्या दशकातच कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला, १९३० ला आपल्या मध्य प्रांतात. पुढं १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघर आलं आणि २०१७ पासून प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली.

आता आजचं बघा. आमच्या गल्लीत इमारतीचं काम सुरू आहे. सहा-सात बाया माती-विटा वाहतात. एकीचं तान्हं लुगड्याच्या झोळीत असतं. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघर होतं, पण ५० पेक्षा जास्त बाया कामावर असतील तरच. आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या ताईंना तर २६ आठवडे काय, २६ दिवस तरी पगारी मिळतात का? आपणच देतो का?

नातीचं म्हणाल तर डॉक्टरांनी समजावलं. नवजात बाळाची जवळपास अर्धी झोप अशीच चुळबुळीची असते. लगेच उचलू नका, थोडं थांबा. रडलं तर पाजा, ढेकर काढा, छातीशी धरा, झोपवताना पाठीवर झोपवा. दूध ओढत नसेल, अंग तापलं असेल किंवा श्वासाला त्रास वाटला तर तडक दवाखाना. झोपेसाठी कोणतंही औषध मनानं द्यायचं नाही.

म्हणजे औषध एकच, जवळ जागं बसलेलं माणूस. माझ्या लेकीला ते परवडतं, कारण तिला रजा आहे आणि घरात आम्ही आहोत. झोळीतल्या त्या लेकराच्या आईला कोण आहे?

तुमच्या घरातली कोणी आजी, पणजी गिरणीत होती का? लेकरू कुठं ठेवून जायची? विचारा आणि खाली लिहा. ती पिढी आता थोडीच उरली आहे.