न्हाणीघराचा वाफसा

मराठी साहित्याच्या अभ्यासात घर या स्थळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ओसरी, माजघर, देवघर, उंबरठा, चाळीची गॅलरी ही स्थळे समीक्षेच्या नित्य परिचयाची आहेत. न्हाणीघराच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले नाही. ज्या जागेत माणूस रोज एकटा असतो आणि जिची स्वच्छता पिढ्यान्‌पिढ्या घरातील स्त्रीकडेच सोपवली गेली, त्या जागेचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असे फारसे कुणाला वाटले नाही. तो इतिहास ओलीचा आणि हवेचा आहे. पावसाळ्यात भिंतीवर उमटणाऱ्या काळ्या बुरशीपासून ती बाहेर घालवण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या लहानशा एक्झॉस्ट पंख्यापर्यंत त्याचा माग कोल्हापूरच्या आधाराने काढता येतो का, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

आरंभ भाषेपासून करू. ‘ओल’ या शब्दाशी मराठीचे नाते दुहेरी आहे. जमिनीत ओल असणे ही सुवार्ता, भिंतीत ओल असणे ही तक्रार. लेखनात ‘ओलावा’ असणे हा समीक्षकाने दिलेला गौरव, तर ‘कोरडेपणा’ हा दोष. घराच्या ओलीसाठी मात्र भाषेने नाराजीचे शब्द राखून ठेवले आहेत: दमट, कुबट, कोंदट, सर्द, लोणा, पोपडे, बुरशी. या दोन टोकांच्या मध्ये शेतकऱ्याचा एक अत्यंत नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘वाफसा’. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतील जादा पाणी निघून जाते, ढेकळांच्या फटींत हवा शिरते आणि ओल व हवा यांचे पेरणीस योग्य असे प्रमाण साधते, तेव्हा वाफसा आला असे म्हणतात. वाफसा येण्यापूर्वी पेरले तर बी कुजते. घरालाही वाफसा लागतो आणि न्हाणीघराचा इतिहास हा हा वाफसा कसा साधला गेला व पुढे कसा मोडला याचा इतिहास आहे, असे आमचे म्हणणे आहे.

कोल्हापूर परिसरात ओलीचा विचार किती गांभीर्याने होत असे, याचा एक पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५-१६ च्या सुमाराचे, करवीरकर संभाजीराजांच्या काळातले. मराठी गद्याचा नमुना म्हणून आणि राजनीतीचा ग्रंथ म्हणून ते अभ्यासक्रमात असते. दुर्गांविषयीच्या प्रकरणात दारूखान्याबद्दल अमात्यांनी जे बजावले आहे त्याकडे आपण सहसा युद्धशास्त्र म्हणून पाहतो. दारूची मडकी माचावर ठेवावी, त्यांना सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा त्याचा आशय. ‘सर्दी’ हा शब्द येथे ओलसरपणा या अर्थाने आला आहे. आपण तो आता नाकापुरता उरवला आहे. अमात्यांच्या घराण्याची जहागीर बावड्याची, म्हणजे आजच्या गगनबावड्याची. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात तो त्याच्या कित्येक पट असतो. अशा मुलखाशी बांधलेल्या घराण्यातील माणसाने ओलीला शत्रूच्या बरोबरीने मोजावे, हे स्वाभाविकच होते. हाच व्यवहार दप्तरखान्यातही चाले. मोडी कागदांचे रुमाल सोडून त्यांना ऊन दाखवणे हे कारकुनाचे काम असे. ऊन आणि वारा ही साठवणुकीची साधने होती, आणि ती वापरण्याचा दिनक्रम ठरलेला होता.

घरगुती न्हाणीत हा दिनक्रम रचनेतच मुरलेला होता. जुन्या कोल्हापुरी वाड्यात किंवा साध्या घरातही न्हाणी मुख्य घरापासून जरा बाजूला, परसात किंवा मागच्या पडवीला लागून असे. खाली दगडी फरशी, पाणी वाहून जायला मोरी, वर नळीची कौले. कौलांच्या सांध्यांतून वाफ आपोआप निसटे. शेजारी तांब्याचा बंब पेटलेला असे. त्याच्या जाळाची धग सकाळभर न्हाणी शेकत राही. दिवाळीच्या आधी भिंतीला चुन्याचा हात दिला जाई. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. वाफेला वरून वाट, भिंतीला ऊब आणि पृष्ठभागाला चुना अशी ही तिहेरी व्यवस्था कुणी वास्तुविशारदाने आखली नव्हती.

तथापि तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या बंबाचा धूर स्त्रीच्या डोळ्यांत जात असे, पावसात भिजत परसात जाणे तिच्याच नशिबी असे, आणि विहिरीचे वा नदीचे पाणी वाहून आणणारे खांदे कुणाचे होते हेही विसरून चालणार नाही. ‘न्हाण’ या शब्दाला स्त्रीच्या ऋतुप्राप्तीचाही अर्थ आहे. न्हाणी घराबाहेर असण्यात हवेचा विचार जितका होता तितकाच सोवळ्या-ओवळ्याचाही होता. एखादी रचना आरोग्याला हितकर ठरली म्हणून तिच्यामागचा हेतू आरोग्याचाच होता असे मानणे हा इतिहासलेखनातील नेहमीचा मोह आहे. तो टाळलेला बरा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेचा विचार शास्त्राच्या भाषेत होऊ लागला. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये खोलीतील हवेची शुद्धता कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून मोजावी असे सुचवले आणि हजारात एक भाग ही मर्यादा सांगितली. दूषित हवेतून रोग होतात ही त्या काळची समजूत पुढे जंतुशास्त्राने बाजूला सारली, पण तिने इमारतींना उंच छते आणि वरच्या बाजूला झरोके दिले. कोल्हापुरात मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेल्या इमारती याच काळातल्या. टाऊन हॉल १८७० च्या दशकातला; नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला; आज छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने ओळखले जाणारे रुग्णालयही मँट यांच्याच आराखड्यातले. त्याच शतकात कळंबा तलावाचे पाणी शहरात खेळवले गेले. ‘पाण्याचा खजिना’ हे मंगळवार पेठेतील स्थलनाम त्या व्यवस्थेची आठवण अजून वागवते. पाणी नळाने दारात आले, आणि ते घरात येणे हा आता केवळ काळाचा प्रश्न राहिला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि हवा व उजेड हे नागरी कायद्याचे विषय झाले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार मंडळाने पुढे खोल्यांना पुरेसा उजेड मिळावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा निकष लावला. शेजारची इमारत किती जवळ व किती उंच असावी, हे त्यावरून ठरे. कोल्हापूर संस्थानातही प्लेगच्या काळात लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवावे लागले. परंतु या साऱ्या चर्चेचा केंद्रबिंदू निजण्याची खोली हा होता. न्हाणी त्यात आली ती सांडपाण्याच्या संदर्भात. तिच्या वाफेचा विचार कुणी केला नाही, कारण ती अजून कौलांखालीच होती.

खरा बदल झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. वाडे पडले, त्यांच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहिल्या, न्हाणीचे बाथरूम झाले आणि ते शयनगृहाला चिकटले. सोयीच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होती. विशेषतः वृद्धांच्या, आजाऱ्यांच्या आणि स्त्रियांच्या. पण या स्थलांतरात वाफेची वाट मात्र मागेच राहिली. कौलांऐवजी काँक्रीटचा स्लॅब आला, चुन्याऐवजी प्लॅस्टिक रंग आला, बंबाची धग गेली. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बाथरूमच्या झरोक्यासाठी किमान ०.३ चौरस मीटर क्षेत्र आणि किमान ०.३ मीटर बाजू सांगितली, आणि तो झरोका मोकळ्या जागेप्रमाणेच शाफ्टमध्ये उघडला तरी चालेल असे मानले. हा शाफ्ट म्हणजे आपल्या बोलीतला डक्ट. इमारतीतील सर्व बाथरूमांची वाफ, वास आणि गळके नळ त्या एका अरुंद उभ्या पोकळीत एकत्र येतात. त्यातून काचेच्या पट्ट्या गंजून बंदच बसलेल्या असल्या म्हणजे वाफसा मोडलाच.

एक्झॉस्ट पंखा हा या मोडलेल्या व्यवस्थेवरचा उपाय. खिडकीच्या काचेत बसवायचा विजेचा पंखा इंग्लंडमध्ये व्हेंट-ॲक्सिया या नावाने १९३६ मध्ये आला. आपल्याकडे तो आधी स्वयंपाकघरात स्थिरावला आणि बराच उशिरा बाथरूममध्ये पोचला. त्याचे काम समजून घेण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. चार बाय सात फूट आणि नऊ फूट उंच अशा बाथरूममध्ये सुमारे सात घनमीटर हवा मावते. ती तासाला आठ वेळा बदलायची तर सत्तावन्न घनमीटर हवा बाहेर जायला हवी. सहा इंची साधा पंखा याहून पुष्कळ अधिक हवा ओढतो. पण तो हवा निर्माण करीत नाही, केवळ ओढतो. दाराखाली फट नसेल किंवा दारात जाळी नसेल, तर तो जागच्या जागी घरघरत राहतो. स्नान झाल्यावर दिवा आणि पंखा एकदमच बंद करणे हीदेखील सार्वत्रिक चूक. भिंतीवरचे पाणी सुकायला वेळ लागतो, म्हणून नंतरही पंधरा-वीस मिनिटे तो चालू ठेवावा लागतो.

येथे कोल्हापूरकर वाचक एक वाजवी आक्षेप घेईल. आषाढात बाहेरचीच हवा ओली असते. मग ओली हवा काढून ओलीच आत घेण्यात काय हशील? उत्तर तपमानात आहे. चोवीस अंश सेल्सियसची हवा पूर्ण ओली झाली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम बावीस ग्रॅम बाष्प मावते. गरम पाण्याने पस्तीस अंशांपर्यंत तापलेल्या वाफाळ हवेत ते चाळीस ग्रॅमच्या घरात असते. म्हणजे मुसळधार पावसातही पंखा प्रत्येक घनमीटरमागे सुमारे अठरा ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. ते बाहेर गेले नाही तर थंड भिंतीवर जमते, आणि सतत ओलसर राहिलेल्या भिंतीवर बुरशी धरते. अर्थात पंख्याला मर्यादाही आहेत. वरच्या मजल्याचा नळ गळत असेल, किंवा पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून २००५, २०१९ वा २०२१ सारखा पूर आणला असेल आणि भिंतच पाणी प्यायली असेल, तर पंखा असहाय आहे.

हवा कोंडण्याचे मोल बुरशीपुरतेच असते तर गोष्ट वेगळी. बंद बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुनःपुन्हा येतात. या वायूला रंग नाही, वास नाही. जुना बंब धूर करी, डोळे झोंबवी, पण त्यामुळे सावध तरी करी. अशा ठिकाणी पंखा हा उपाय समजणेही घातक आहे. येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा गीझरचा दूषित वायू उलट आतच ओढू शकतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे सारे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कुणी विचारील. मध्यमवर्गीय घराविषयीच्या कथा-कादंबऱ्यांची चर्चा करताना ‘कोंडमारा’, ‘घुसमट’, ‘मोकळा श्वास’ हे शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्यांचे मूळ शरीरात आणि घराच्या बांधणीत आहे हे लक्षातच राहत नाही. ज्या घराला डक्टखेरीज मागची बाजूच नाही, त्या घरातील नायिका घुसमटते असे म्हणताना त्या विधानाचा अर्धा भाग अक्षरशः खरा असू शकतो. भिंतीवरची बुरशी दर पंधरवड्याला घासणारा हात आणि ती बुरशी श्वासातून आत घेणारी छाती बहुधा एकाच व्यक्तीची असते. त्या व्यक्तीच्या मनोविश्वाचे विश्लेषण आपण केले. तिच्या खोलीतील हवेचे केले नाही. याच भिंतीच्या पलीकडे पुष्कळ घरांत पुस्तकांचे कपाट असते, आणि ओल पुस्तकांच्या पाठीतून आत शिरते. म्हणून हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

दारूखान्याला आठ-पंधरा दिवसांनी ऊन द्यावे असे अमात्यांनी सांगितले, तेव्हा ओल ही कुणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी होती आणि त्यासाठी हवालदाराला जाब विचारता येत होता. आजच्या घरात ती जबाबदारी बांधकाम करणाऱ्याने राहणाऱ्यावर ढकलली आहे आणि घरात राहणाऱ्यांनी ती एका स्त्रीवर. कोल्हापुरात नवी इमारत उभी राहताना बाथरूमची एक भिंत मोकळ्या हवेला लागते की नाही, हे नकाशावर पाहण्याची सवय घर घेणाऱ्याला लागली, तर पंख्याचे काम बरेच हलके होईल.