पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या चित्रातील अनवाणी तरुण

उर्बिनोच्या जुन्या राजवाड्यात आज मार्के प्रांताचे राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे. तेथे पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराचा एक लहानसा चित्रफलक आहे. त्याची उंची सुमारे ५८ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ८१ सेंटिमीटर. पिलाताच्या आसनाखाली चित्रकाराने आपले नाव व आपले गाव यांची नोंद लॅटिनमध्ये केली आहे. सबब कर्तृत्वाविषयी वाद नाही. विषयही वरवर पाहता सोपा आहे : बंदिवान ख्रिस्ताला स्तंभाशी बांधून फटके मारले जात आहेत. परंतु हा प्रसंग चित्राच्या डाव्या भागात, स्तंभयुक्त दालनाच्या आत, दूर आणि लहान आकारात घडतो. उजवीकडे अगदी पुढे, उघड्यावर, तीन पुरुष मोठ्या आकारात उभे आहेत. मागे चाललेल्या छळाकडे त्यांपैकी एकाचेही लक्ष नाही.

या तिघांपैकी डावीकडील पुरुष दाढीवाला, पौर्वात्य धर्तीची टोपी घातलेला असून काही बोलण्याच्या बेतात असल्यासारखा हात पुढे करून उभा आहे. उजवीकडील पुरुष प्रौढ असून त्याच्या अंगावर निळ्या व सोनेरी वेलबुट्टीचा भारी झगा आहे. मध्ये सोनेरी कुरळ्या केसांचा एक तरुण आहे. त्याच्या अंगात साधा तांबडा अंगरखा, डोके उघडे, पाय अनवाणी. खरा वाद आहे तो या तरुणाविषयी. इतर दोघांची नावे अभ्यासकांनी वेळोवेळी बदलली, ती मुख्यतः या तरुणाला जे नाव दिले त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी.

उर्बिनोच्या स्थानिक परंपरेनुसार हा तरुण म्हणजे तेथील पहिला ड्यूक ओद्दान्तोनियो दा माँतेफेल्त्रो. १४४३ मध्ये त्यास ड्यूकपद मिळाले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १४४४ मध्ये, कटवाल्यांनी त्याचा राजवाड्यात खून केला. त्या वेळी त्याने वयाची विशीही गाठली नव्हती. त्याच्याबरोबर मान्फ्रेदो व तोम्मासो हे दोन सल्लागारही मारले गेले. तरुणाच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले पुरुष म्हणजे हेच सल्लागार, अशी या कथेची प्रचलित मांडणी आहे. ती आकर्षक आहे यात शंका नाही. निरपराध ख्रिस्ताचा छळ आणि अकाली मारला गेलेला तरुण राजा, असे साम्य त्यातून सहज साधते.

परंतु या परंपरेचा लेखी आधार तपासला की निराळेच चित्र दिसते. चित्राचा जुना उल्लेख उर्बिनोच्या कॅथीड्रलमधील वस्तूंच्या १७४४ च्या यादीत सापडतो. त्या यादीत सल्लागारांचा पत्ताच नाही. तेथे तिघे पुरुष ओद्दान्तोनियो, फेदेरिको आणि ग्विदोबाल्दो हे तीन ड्यूक असल्याचे म्हटले आहे. यातील ग्विदोबाल्दोचा जन्म १४७२ चा. चित्राचा काळ कितीही पुढे ओढला तरी प्रौढ ग्विदोबाल्दोस त्यात जागा देता येत नाही. फेदेरिकोची अडचण तर डोळ्यांना दिसणारी आहे. त्याच्या मोडक्या नाकाची बाजूने दिसणारी आकृती खुद्द पिएरोनेच रंगविली असून ती फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. प्रस्तुत चित्रातील उजवीकडचा पुरुषही बाजूनेच दाखविलेला आहे, आणि त्याचे नाक धडधाकट आहे! म्हणजे यादी करणाऱ्याने दिलेल्या तीन नावांपैकी दोन टिकत नाहीत. तिसरे मात्र प्रमाण मानावे, असा आग्रह धरण्यास कारण हवे. ते कारण म्हणून ऑस्ट्रियातील आम्ब्रास संग्रहाच्या लघुचित्रांपैकी ओद्दान्तोनियोच्या नावाच्या एका चेहऱ्याकडे बोट दाखविले जाते. तो चेहरा या तरुणासारखा आहे खरा. पण ते लघुचित्र सोळाव्या शतकातील आहे. त्याचा नमुना म्हणून पिएरोचाच तरुण वापरला गेला असेल, तर साक्षीदार व फिर्यादी एकच ठरतात. त्यावरून सिद्ध होते ते एवढेच की ही समजूत १७४४ पेक्षा जुनी आहे.

दुसरी दिशा पूर्वेकडून आली. आसनस्थ पिलाताची टोकदार टोपी पिसानेल्लोने घडविलेल्या पदकावरील बायझंटाइन सम्राट आठव्या जॉन पालिओलोगसच्या टोपीशी जुळते. हा सम्राट १४३८–३९ च्या धर्मपरिषदेसाठी इटलीत आला होता, आणि पिएरो १४३९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये होता हे कागदोपत्री सिद्ध आहे. याच धाग्यावरून केनेथ क्लार्क यांनी १९५१ मध्ये चित्राचा संबंध तुर्कांच्या आक्रमणाने पीडित ख्रिस्ती जगताशी व १४५९ च्या मांतुआ येथील परिषदेशी जोडला. योहान डाव्हिड पास्साव्हांट या जर्मन अभ्यासकाने १८३९ मध्ये तिघांजवळ ‘एकत्र जमले’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द असल्याची नोंद केली होती. पुढे ते नाहीसे झाले. दुसऱ्या स्तोत्रातील हे शब्द प्रेषितांच्या कृत्यांतही येतात, व तेथे ते प्रभूविरुद्ध जमलेल्या राजांना उद्देशून आहेत. क्लार्क यांच्या मतास त्यांनी बळकटी येते. मात्र अनवाणी तरुणाचे कोडे त्यामुळे सुटत नाही. उलट हे शब्द तिघांना लागू करावयाचे तर तो तरुणही विरोधकांतच मोडेल, आणि त्याच्या मुद्रेत तसे काहीही नाही.

गॉम्ब्रिक यांनी १९५९ मध्ये यहूदा चांदीची नाणी परत करीत असल्याचा प्रसंग येथे पाहिला. पण नाणे कोणाच्याही हाती नाही. सिल्व्हिया रोन्की यांनी २००६ मध्ये तरुणास सम्राटाचा भाऊ थॉमस पालिओलोगस ठरविले. सम्राटासाठी राखलेली जांभळी पादत्राणे त्यास घालता येत नव्हती, म्हणून तो अनवाणी, अशी त्यांची उपपत्ती आहे. ती चतुर आहे, परंतु सम्राटपद नसलेला राजपुत्र साधी पादत्राणेही घालीत नव्हता, असे तीतून निघते.

याउलट कार्लो गिन्झबर्ग (१९८१) आणि मॅरिलिन लाव्हिन (१९६८) यांची मते एकमेकांस छेद देणारी असली तरी एका मुद्द्यावर ती जवळ येतात. गिन्झबर्ग तरुणास फेदेरिकोचा अनौरस पुत्र ब्वोनकाँते मानतात. तो १४५८ मध्ये प्लेगने मेला. दाढीवाला पुरुष त्यांच्या मते कार्डिनल बेस्सारिओन होय. लाव्हिन यांच्या मते दोन प्रौढ पुरुष म्हणजे ओत्ताव्हियानो उबाल्दिनी व मांतुआचा लुदोविको गोंझागा. तरुण मात्र कोणा एका व्यक्तीचे हुबेहूब चित्र नसून, दुःखी पित्यांच्या मनातील पुत्राचे आदर्श रूप आहे. मृत असो वा आदर्श, तरुण शेजारच्या दोघांच्या जगातला नाही, हे दोघांसही मान्य आहे.

चित्रातील पुरावा या बाजूने पडतो. ज्या समाजात वस्त्रांवरून दर्जा ओळखला जात असे, तेथे जरीवस्त्रातील गृहस्थाशेजारी कोणी उघड्या डोक्याने व अनवाणी उभा राहत नाही. तरुणाच्या शरीराचा तोल, पायांची ठेवण, मागे असलेल्या ख्रिस्ताच्या उभे राहण्याशी जुळते. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील पिएरोच्या ‘ख्रिस्तजन्म’ या चित्रात गाणाऱ्या देवदूतांस पंख नाहीत. तेव्हा पंख नसल्याच्या कारणावरून या तरुणास देवदूत मानण्यास मनाई करता येणार नाही. शिवाय तो दाढीवाल्याचे बोलणे ऐकत नाही, दुसऱ्याकडे पाहतही नाही. दोघांच्या मध्ये असूनही संभाषणात त्याचा भाग नाही. बहुधा ते दोघे त्यास पाहू शकत नसावेत, असे समजण्यास ही मांडणी पुरेशी जागा ठेवते.

नाव ठरविण्यात खरा अडथळा कालनिर्णयाचा आहे. चित्राचा काळ १४४० च्या दशकाच्या मध्यापासून १४७० च्या सुमारापर्यंत कोठेही धरला जातो. ओद्दान्तोनियो मानणारे तो अलीकडच्या टोकाला, १४४४ च्या लगत आणतात. ब्वोनकाँते मानणाऱ्यांस १४५८ नंतरचा काळ लागतो. म्हणजे नावावरून काळ आणि काळावरून नाव अशी ही फेरी चालते. चित्र कोणी करवून घेतले याचा समकालीन कागद हाती आला तरच ती तुटेल. रुडॉल्फ व्हिट्कोव्हर व बी. ए. आर. कार्टर यांनी १९५३ मध्ये चित्रातील फरसबंदीचे माप घेऊन दालनाचा आराखडा उभा केला. त्या फरसबंदीवरील प्रकाशाचा पुरावा नावांच्या वादात फारसा वापरला गेलेला नाही. फटक्यांच्या दृश्यावर उजेड उजवीकडून पडतो, तर तिघांवर तो डावीकडून येतो. यथार्थदर्शनावर ग्रंथ लिहिणाऱ्या चित्रकाराच्या हातून हे नजरचुकीने झाले असेल, असे मानणे कठीण आहे.