मोत्याचें शिक्षण



कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडेंच राहतें, ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकली असेल. पुष्कळांनीं ती स्वतःविषयींच ऐकली असेल. म्हण रचली गेली ती माणसाच्या खोडीवर; कुत्र्याचें शेंपूट तेथें केवळ दाखल्यापुरतें. परंतु दाखल्याचा परिणाम असा झाला कीं, कुत्रें हें शिकविण्याजोगें जनावर नव्हे, तें एक तर उपजत शहाणें असतें नाहीं तर उपजत द्वाड, अशी समजूत आपल्या घरांत रुजून बसली. ती कितपत खरी, हें इतिहासाच्या उजेडांत पाहावें असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

विषय आजच घेण्यास कारणही तसेंच आहे. कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें आतां जवळजवळ एकमेकांस चिकटलीं आहेत. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, शिलाहारांच्या अमदानींतलें. बदलापुरास घोडे बदलण्याच्या टप्प्यावरून नांव पडलें असें लोक सांगतात. खरेंखोटें देव जाणे. उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणींतून, कल्याण कँपांतून, निघालें. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांस तेथील बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. अजूनही तेथील मंडळी पत्ता सांगतात तो 'कँप नंबर चार' असाच.

बराक असो कीं बदलापुराकडील कौलारू घर, कुत्र्याची जागा दाराबाहेर ठरलेली होती. आतां त्याच जमिनीवर मजल्यावर मजले चढले, आणि कुत्रें लिफ्टमधून चवथ्या मजल्यावर येऊं लागलें. कोणी तें रस्त्यावरून उचलून आणतो, कोणी निवाऱ्यांतून दत्तक घेतो. पहिल्या दिवशीं मुलें हौंसेनें त्याचें नांव मोत्या ठेवतात. पंधरवड्यांत पायपुसणीं फाटतात, चपला कुरतडल्या जातात, शेजाऱ्यांची तक्रार येते. आणि कांहीं घरांतून महिना संपण्यापूर्वीं मोत्या पुन्हां रस्त्यावर जातो. मात्र आतां त्याची रस्त्याची संवय मोडलेली असते, आणि गल्लींतलीं जुनीं कुत्रीं त्याला आपल्यांत घेत नाहींत. दोष कुत्र्याचा कीं शिकविणाराचा, हा प्रश्न म्हणून नुसता चर्चेचा राहत नाहीं.

आपल्या भूमींत माणसाची व कुत्र्याची सोबत फार जुनी आहे. १९७४ सालीं प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें एका भिल्ल शेतकऱ्यास कांशाचीं चार शिल्पें सांपडलीं. त्यांतील एक म्हणजे सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ. बैलांची जोडी तो ओढते आहे, मागें माणूस उभा आहे, आणि मधल्या दांडीवर एक लहानसें कुत्रें उभें आहे. शिल्पांच्या काळाविषयीं पंडितांत वाद आहे, पण पुष्कळजण तीं चार हजार वर्षांच्या आसपासचीं मानतात. बैल ओढतात, माणूस हांकतो. कुत्रें कांहींच करीत नाहीं. तरी त्या कारागिरास त्याच्यावांचून रथ पुरा वाटला नाहीं, एवढें खरें.

महाभारताच्या शेवटीं धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलें कुत्रें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभीं, आदिपर्वांत, दुसऱ्या एका कुत्र्याची कथा आहे, ती फारशी कोणी सांगत नाहीं. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घ सत्र करीत असतां सरमेचा पोर, म्हणजे एक श्वान, तेथें आला. भावांनीं त्याला बडविलें. तो रडत आईकडे गेला. आईनें विचारलें, तूं कांहीं आगळीक केलीस काय? तो म्हणाला, मीं हविर्भागाकडे पाहिलें नाहीं कीं त्यास जीभ लावली नाहीं. तेव्हां सरमा यज्ञमंडपांत गेली आणि विचारूं लागली कीं, यानें अपराध केला नसतां याला कां मारलें? उत्तर कोणाजवळच नव्हतें. अपराधावांचून मारलें म्हणून न दिसणारें भय तुमच्यावर येईल, असें बोलून ती निघून गेली, आणि राजा घाबरून शांतीसाठीं पुरोहित शोधूं लागला. एवढ्या अफाट ग्रंथाच्या उंबरठ्यावर ही तक्रार कां बसविली असेल, याचा मला नेहमीं विचार पडतो. तिच्याकडे पुन्हां येऊंच.

पुढील काळांत आपल्याकडे कुत्र्याशीं दोन प्रकारचें वर्तन दिसतें. गृहस्थानें वैश्वदेवानंतर कुत्र्याकावळ्यांचा वांटा काढून ठेवावा, ही चाल जुनी. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव आपल्या मनांत घर करून बसले आहेत. खंडोबा आणि दत्त यांच्या पायांशीं कुत्रीं आहेत. म्हणजे अन्न दिलें, पुण्याचा भाग दिला. पण जवळीक दिली नाहीं आणि शिक्षण तर नाहींच. शिक्षण दिलें तें राजांनीं, पारध्यांनीं व धनगरांनीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत सारमेयविनोद म्हणून एक प्रकरणच आहे. प्रदेशपरत्वें कुत्र्यांचे प्रकार व त्यांची शिकार यांचें तें वर्णन. (ही कल्याणी म्हणजे बिदरकडील बसवकल्याण, आपलें ठाणे जिल्ह्यांतील कल्याण नव्हे.) साताऱ्याजवळ संगम माहुलीस छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि दाखवितात, वाघापासून त्यानें महाराजांस वांचविलें असें परंपरा सांगते. रायगडावरील वाघ्याविषयीं मात्र इतिहासाभ्यासकांत अद्याप तंटा आहे, आणि त्यांत आज शिरण्याचें प्रयोजन नाहीं. मुधोळच्या घोरपड्यांनीं तर शिकारी कुत्र्यांची जातच जोपासली. राजे मालोजीराव यांनीं पंचम जॉर्ज बादशहास त्यांची जोडी नजर केली, आणि २००५ सालीं त्या कुत्र्याचें चित्र भारताच्या टपाल तिकिटावर आलें.

इंग्रजी अमदानींत शहरांतील कुत्रा हा प्रथम पोलिसांचा विषय झाला. मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याचा नियम १८१३ पासून होता, आणि मारलेल्या कुत्र्यामागें बक्षीस मिळे. १८३२ च्या जूनमध्यें कोटांत ही मोहीम चालूं असतां पारशी समाज खवळला, कारण त्यांच्या धर्मांत कुत्र्यास मोठा मान आहे. मृत्यूनंतरच्या विधींतही त्याची दृष्टि लागते. ६ व ७ जून रोजीं मारहाण झाली, दुकानें बंद पडलीं, इतर समाजांचे लोकही सामील झाले, शेवटीं लष्कर आणावें लागलें. पुढें १८७४ त मुंबईंत प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारी संस्था निघाली, आणि परळ येथें शेट दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगींतून बाई साकरबाईंच्या नांवाचा जनावरांचा दवाखाना उभा राहिला. दया आली, दवा आली. विद्या यावयाची होती.

ती विद्या प्रथम आली तीही चाबूक घेऊनच. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्यानें १९१० सालीं कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलें. त्यांत निरीक्षण सूक्ष्म आहे, पण भिस्त बरीचशी सक्तीवर. अमेरिकेंत स्किनर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९५१ त एका लेखांत निराळी वाट दाखविली. जनावरास जें करावयास लावावयाचें, त्याचा थोडासा अंश त्यानें आपण होऊन करतांच त्या क्षणींच त्यास कळवावें, आणि लगेच खाऊ द्यावा. कळविण्यासाठीं त्यानें सुचविलें काय, तर दाबलें असतां टिकटिक वाजणारें पोरांचें पत्र्याचें खेळणें! आपल्या जत्रांत तसा बेडूक मिळत असे. बक्षिसास उशीर झाला तर कुत्र्यास कशाचें बक्षीस तें उमगत नाहीं. शिक्षेसही हाच नियम लागू आहे, आणि येथें सरमेची तक्रार पुन्हां कानीं येते. दुपारीं मोत्यानें खोलींत घाण केली, धनी संध्याकाळीं सातच्या लोकलनें घरीं आला, त्यानें मोत्यास हांक मारली आणि फटकावलें. कुत्र्याच्या लेखीं अपराध कोणता? हांकेसरशीं जवळ येणें, हाच! दोनतीन वेळां असें झालें कीं तें हांकेस येईनासें होतें, आणि धनी म्हणतो, शेंपूट वांकडें तें वांकडेंच.

खाऊ व खेळ यांच्या बळावर कुत्रें कोठवर जातें याचें उदाहरण मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' नांवाच्या लॅब्रॅडोरचें. त्याचें शिक्षण पुण्यास झालें. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या दिवसांत त्यानें हुंगून काढलेल्या आर. डी. एक्स.चें वजन ३,३२९ किलो भरलें असें नमूद आहे. मुंब्रा व ठाणें येथील बाँब वेळींच हातीं लागण्यांतही त्या पथकाचा वांटा होता. २००० सालीं तो वारला. स्फोटकें हुंगणाऱ्या कुत्र्यास स्फोटकाची कांहीं आवड नसते. तो वास सांपडला कीं आवडता खेळ मिळतो, एवढीच गांठ त्याच्या मनांत पक्की बांधलेली असते.

आतां आपला मोत्या. तो झंजीर होणार नाहीं, आणि व्हावयासही नको. तो गावठी असेल तर उत्तमच. आपल्या हवेंत तो पिढ्यान्‌पिढ्या निभावला आहे. त्याला प्रथम आज्ञा नको, कोपरा हवा. घराच्या रहदारींतून बाजूला एक गोणपाट, पाण्याची वाटी, आणि मुलांस ताकीद कीं निजलेल्या कुत्र्यास छेडूं नये. पहिले कांहीं दिवस त्यास पाहुणेमंडळींस दाखवीत बसूं नये. कुकरची शिटी, पंखा, गुळगुळीत फरशी, लिफ्टचें आपोआप मिटणारें दार, यांतलें कांहींच त्यानें पूर्वीं पाहिलेलें नसतें. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनीं १९६५ त दाखवून दिलें कीं, पिलाच्या वयाचा तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशीं ओळख होण्याचा असतो. तेव्हां न भेटलेल्या गोष्टींची भीति पुढें राहते; ती जाते, पण हळूहळू जाते.

बाहेर नेण्याच्या वेळा ठरवाव्या: उठल्याबरोबर, जेवणानंतर, निजण्यापूर्वीं. बाहेर काम उरकलें कीं तेथेंच शाबासकी द्यावी. आज्ञेचा शब्द एकच असावा. उल्हासनगरच्या एखाद्या घरांत आजी सिंधींत बोलते, नातू हिंदींत, आणि कामास येणाऱ्या बाई मराठींत. तिघांनीं तीन शब्दांनीं बसावयास सांगितलें तर मोत्यानें तीन भाषा शिकावयाच्या काय? 'बस' हा शब्द घरानें मिळून ठरवावा. आणि एक गोष्ट शिक्षणाच्याही आधीची: पिसाळीची लस. कोणालाही कुत्रें चावलें तर जखम पंधरा मिनिटें साबणपाण्यानें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद, चुना, मिरची यांनीं वेळ जातो, आणि पिसाळीचीं लक्षणें एकदां दिसलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं.

भीतीबद्दल थोडें अधिक बोलतों, कारण उल्हासकांठीं तिचें कारण दर पावसाळ्यांत येतें. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरले नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांमध्यें महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली, आणि हजाराच्या आसपास उतारूंस नावांनीं काढावें लागलें. अशा रात्रीं गल्लींतल्या कुत्र्यांनीं कोठें काढल्या असतील, याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह याच्याजवळ मात्र अशी एक नोंद आहे. १९२४ च्या सप्टेंबरांत लेनिनग्राड येथें पूर आला, आणि त्याच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलें. नोकरांनीं तीं कुत्रीं पोहवीत बाहेर काढलीं. सर्व वांचलीं, पण कांहींजण महिनोन्‌महिने शिकलेला धडा विसरून बसलीं. पुढें एकाच्या खोलींत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडून पाहिली, तर तें पुन्हां कांपूं लागलें आणि समोर ठेवलेलें अन्न त्यानें सोडून दिलें. त्याचा उपाय औषधांत सांपडला नाहीं, चाबकांत तर नाहींच. प्रयोग करणारा एरवीं खोलीबाहेर बसे. तो आंत येऊन कुत्र्याजवळ नुसता बसून राहूं लागला, आणि त्या दिवसांत कुत्रें पूर्वीप्रमाणें खाऊं लागलें.